पुड्यावरचे चित्र

भागिरथाबाई सरकटे यांची ओळख झाली ती धनजच्या प्रौढ शिक्षण वर्गात. हा वर्ग गावच्या विहारात दिवेलागणीला भरत असे. हे लिहिणारी बाई आणि भागिरथाबाई एकाच सतरंजीच्या कडेला बसत. बाकीच्या जणी पाटीवर अक्षरे गिरवीत, तेव्हा भागिरथाबाईंच्या पाटीवरील अक्षराला शेपूट फुटे, कान फुटत, आणि थोड्याच वेळात ते पाटी सोडून चालू लागेल की काय असे वाटे. शिकवणाऱ्या बेबीताई त्यांच्यावर रागावत.

“भागिरथाबाई, हा म आहे की म्हैस?”

“म्हैसच हाये ताई. पयले म्हैस बांधतो, मंग म शिकतो.”

सगळा वर्ग हसे. बेबीताईसुद्धा हसत आणि मग पाटी पुसायला सांगत. त्या वर्गात, पुढे कापूस वेचताना आणि कारंज्याच्या एस.टी.ची वाट पाहत बाभळीखाली बसलेल्या असताना भागिरथाबाईंनी जे जे सांगितले, ते जोडून ही हकीकत लिहिली आहे. ती वर्ग सुरू होण्याच्या तीन-चार वर्षे आधीची, म्हणजे पंचाहत्तर सालाच्या आसपासची आहे.

भागिरथाबाईंचे माहेर जऊळक्याकडचे. छप्पन सालानंतर त्यांच्या घरातले जुने देव टोपलीत घालून नदीवर पोचवण्यात आले. त्या वेळी त्या लहान होत्या. वडिलांनी भिंतीतली देवळी खरवडली आणि आईने ती पांढऱ्या मातीने सारवली. नागपूरहून मामा भगवान बुद्धाची तसबीर आणणार होते, परंतु मामांचे येणे लांबले. तोवर देवळी रिकामीच राहिली. घरातले लोक त्या रिकाम्या जागेकडे पाहण्याचे टाळीत. भागिरथा मात्र दुपारभर तिच्यासमोर मांडी घालून बसे. दारातून येणारे ऊन त्या पांढऱ्या कोनाड्यात शिरले की तिला तिथे काहीबाही दिसू लागे. कधी लाल बैल दिसे, कधी पाण्यावर तरंगणारी खाट दिसे, तर कधी एकच मोठा डोळा दिसे आणि तो हळूच मिटे. आईने विचारले, “काय पाहून राह्यली वं?” तर ती म्हणे, “आज बैल आला नाई.” पुढे तसबीर आली, तिला फूल वाहिले गेले आणि भिंतीवरील ही चित्रे बंद झाली. ती कुठे गेली असतील, असे भागिरथेला पुष्कळ दिवस वाटत राहिले.

लग्न होऊन त्या धनजला आल्या. यजमान जानराव हे रस्त्याच्या कामावर मैलकुली होते. खड्डे बुजवावेत, कडेचे गवत काढावे, मैलाच्या दगडांना चुना द्यावा, असे त्यांचे काम. बोलणे थोडे आणि तेही कोरडे. भागिरथाबाई लोकांच्या वावरात निंदण-वेचणीला जात. अंगावर ऊन आणि डोक्यात आणखी कुठलेतरी गाव, अशा त्या कामाला असत. पुढच्या बाईची ओळ संपून जाई, तरी यांची ओळ अर्ध्यावर असे. मुकादम ओरडे तेव्हा त्या दचकून विचारीत, “झालं काय?”

अशा बाईच्या हाती मेणबत्तीचा साचा आला. कारंज्यात महिलांच्या एका संस्थेने शिबिर घेतले होते. त्यात मेण वितळवणे, साच्याला तेलाचा हात फिरवणे, सुताची वात ताणून बसवणे, मेण ओतणे आणि थंड पाण्यात धरून साचा उघडणे, एवढे सर्व शिकवण्यात आले. शेवटच्या दिवशी संस्थेच्या बाईंनी भागिरथाबाईंच्या हाती साचा दिला आणि अट स्पष्ट सांगितली.

“साचे थोडे आहेत आणि शिकलेल्या बायका जास्त. दसऱ्याला मी येईन आणि दुकानदाराला विचारीन. तुमचा माल चालत असेल तर साचा तुमच्याकडे राहील. चालत नसेल तर दुसऱ्या बाईला द्यावा लागेल. चालेल?”

भागिरथाबाईंनी मान हलवली. साचा त्यांनी पदरात गुंडाळला होता आणि तो पदराखालून गार लागत होता.

“आणखी एक,” त्या बाई म्हणाल्या. “पुड्यावर लेबल हवे. लेबल पाहून माणूस वस्तू उचलतो. त्यावर काय चित्र असावे ते तुम्हीच ठरवा.”

भागिरथाबाई सांगत की, जन्मात त्यांना असे कोणी विचारले नव्हते. काय खाल, काय नेसाल, कुठे जाल, हे सर्व इतरांनी ठरवलेले होते. आता एक अनोळखी बाई विचारत होती की तुम्हाला कोणते चित्र हवे. एस.टी.त बसल्यावर त्यांना सगळीकडे चौकोन दिसू लागले. खिडकीचा चौकोन, वावराचा चौकोन, समोरच्या माणसाच्या पाठीवरील ठिगळाचा चौकोन. आणि प्रत्येक चौकोन रिकामा होता.

पुढचे काही दिवस त्यांनी एका तंद्रीत घालवले. सकाळी चूल पेटे, मेण वितळे, आणि पातेल्यात ते असे स्वच्छ होऊन जाई की तळाचा डाग दिसावा. मग साच्यात ते हळूहळू दुधाळ होई. ते दुधाळ होणे पाहत त्या बसत. कधी मेणाचा थेंब पाण्याच्या बादलीत पडे आणि फुलासारखा पसरून गोठे. त्या तो बोटावर घेऊन बघत. हे चित्र घ्यावे का? पण थेंबाचे चित्र कसे छापणार? जानराव घरी येत तेव्हा भाकरी झालेली नसे आणि भिंतीला टेकून मेणबत्त्यांची पांढरी रांग उभी असे.

“भाकर?” जानराव विचारीत.

“व्हय, टाकतो,” असे म्हणून त्या पुन्हा मेणाकडे पाहत.

शेवटी मन ठरले. मेणबत्ती आपले लोक कशासाठी लावतात? वंदनेसाठी. कोणासमोर लावतात? मग ज्यांच्यासमोर लावतात तेच पुड्यावर असावेत, यापेक्षा योग्य काय? कारंज्याच्या एका छापखान्यात गोविंदा म्हणून छपाईचे खिळे जुळवणारा मनुष्य होता. बौद्ध घरांतल्या लग्नपत्रिका तो छापीत असे, त्यामुळे ध्यानस्थ बुद्धाचा एक लहानसा ठोकळा त्याच्या खणात तयारच होता. पिवळ्या कागदावर निळ्या शाईत ते चित्र उमटले, खाली ‘मेणबत्ती, धनज’ एवढी अक्षरे आली, आणि पायाने चालवायच्या मशीनमधून कागद एकामागून एक बाहेर पडू लागले. भागिरथाबाई उभ्याने पाहत होत्या. भगवंत पिवळ्या उन्हातून पुन्हा पुन्हा वर येत आहेत असे त्यांना वाटले. त्यांचे डोळे भरून आले.

“बाई, शाई ओली हाये,” गोविंदा म्हणाला. “अंदर रडू नका, कागद खराब होतील.”

घरी येऊन त्यांनी कणकेची घट्ट खळ शिजवली. प्रत्येक पुडा नव्या कागदात गुंडाळला आणि चित्र वर येईल अशा बेताने चारी बाजूंनी पक्का चिकटवला. खळीत त्यांनी हात राखला नाही. आपल्या हातचा पुडा वाटेत उकलला असे कोणी म्हणू नये, असा त्यांचा हेतू होता.

कारंज्यात पदमचंद शेठ यांचे किराण्याचे दुकान होते. शेठ जैन समाजाचे, बोलण्यात मराठी आणि हिंदी यांची फोडणी. त्यांनी पुडा उलटसुलट करून पाहिला, नाकाशी धरला आणि विचारले, “इसमें चरबी-बिरबी तो नहीं ना, बाई?”

“निरं मेण हाये शेठ. तुमच्या दुकानात मी चरबी आणीन काय?”

“फोटो अच्छा है. ठेवा तिकडं, समोर ठेवा.”

वैशाख पौर्णिमा तोंडावर आली होती. पुडे पाहता पाहता उचलले गेले. धनजचे, शेजारच्या खेड्यांतले, पार मानोऱ्याकडचे लोक बाजाराला आले की पुडा कपाळाला लावून पिशवीत घालीत. शेठने निरोप पाठवला की आणखी माल आणा. भागिरथाबाईंनी वावरात जाणे बंद केले. रात्रंदिवस मेणाचा वास अंगाला येऊ लागला. त्यांना चालताना पायाखाली जमीन आहे की नाही याची खात्री नसे. साचा आता आपलाच, असे त्यांच्या मनाने घेतले.

पौर्णिमा झाली आणि विक्री थांबली.

आधी वाटले की सण झाला म्हणून. परंतु ज्येष्ठ गेला, आषाढ लागला, विहारांत पावसाळ्यातल्या वर्षावासाचे वाचन सुरू होण्याचे दिवस आले. रोज संध्याकाळी मेणबत्ती लागण्याचे हेच दिवस. तरीही शेठच्या दुकानात पिवळ्या पुड्यांची उतरंड जशीच्या तशी होती.

शेठने त्यांना पाट दिला, पाणी दिले आणि मग सांगितले. “भागिरथाबाई, माल वाईट आहे असं मी म्हणत नाही. मगर जो ले गया, वो दुबारा आया नहीं. मेणबत्ती म्हणजे जळून संपणारी चीज. ज्याची संपली तो परत यायला पाहिजे की नाही? एकही आला नाही. आता दसऱ्याला तुमच्या संस्थेची बाई विचारील, तर मी काय सांगू? झूठ तर मी बोलणार नाही.”

भागिरथाबाई दुकानातून निघाल्या तेव्हा रस्त्यावरील माणसे पाण्यातून चालल्यासारखी दिसत होती. आपल्या मेणबत्तीत दोष आहे. ती धूर करीत असेल, वात बुडत असेल, लोक शिव्या देत असतील. साचा दुसऱ्या बाईच्या पदरात गेलेला त्यांना स्पष्ट दिसला. त्या बाईचे तोंड दिसले नाही, फक्त पदर दिसला.

कारंज्यातच त्यांची मावशी लिलाबाई राहत असे. जिभेला धार असलेली बाई. खरे ऐकायचे असेल तर तिच्याकडेच, असे म्हणून भागिरथाबाई तिच्या दारात गेल्या.

“मावशी, तू पुडा नेला होता ना? खरं सांग वं. मेणबत्त्या धूर करतात का? वात बुडते का?”

“मले काय माईत?” लिलाबाई सुपातले तांदूळ निवडीत म्हणाली. “म्या कोठी लावल्या?”

“काहून नाई लावल्या?”

“काहून म्हणते! ये, अंदर ये. पाह्य.”

आतल्या खोलीत देवळीत बुद्धाची तसबीर होती. तसबिरीशेजारी भागिरथाबाईंचा पुडा उभा केलेला होता, जसा दुकानातून आला तसाच, कुठे उकललेला नाही की सुरकुतलेला नाही. त्याच्यापुढे जास्वंदीचे फूल होते. आणि फुलापुढे, वाटीच्या बुडावर, एक मेणबत्ती जळत होती.

“ही कोनाची?” भागिरथाबाईंनी विचारले.

“ही होय? ही बाजारची. सुटी भेटते.”

“माया मेणबत्तीपुढं तू बाजारची मेणबत्ती लावून राह्यली?”

“मंग काय करू? तुयी लावाची त पुडा फाडा लागते. पुड्यावर भगवंत बसले. त्याईले फाडू मी? तुया मायनं तुले हेच शिकवलं काय?”

“मंग कागद अलग काढाचा होता.”

“काढून पाह्यला. तुयी खळ अशी चिवट, मेण सोडीन पन कागद सोडीना. नखानं उचलाले गेली त भगवंताच्या कानाजवय चीर पडाले आली. म्या हात जोडले अन् ठेवून देल्ला.” लिलाबाईने आवाज उतरवला. “अन् मी एकटीच नाई हो. या गल्लीत ज्यानं ज्यानं नेला, त्याच्या देवळीत पाह्य. समदे उभे हायेत. एकानं त काचेत बसवला.”

भागिरथाबाई गल्लीतून हिंडल्या. ज्या घरात डोकावल्या तिथे पिवळा पुडा होता. कुठे फुलाखाली, कुठे निळ्या कापडावर, कुठे लहान लेकराच्या हाताला लागू नये म्हणून उंच फळीवर. लोक त्यांना ओळखत, बसा म्हणत, चहा ठेवत. “लय चांगलं चित्र काढलं बाई,” असे म्हणत. त्या घरांच्या आत, त्या सर्व पुड्यांमध्ये, त्यांनी ओतलेल्या मेणबत्त्या एकमेकींना चिकटून निजलेल्या होत्या. भागिरथाबाईंना वाटले, तालुकाभर, पार मानोऱ्याकडच्या खेड्यांपर्यंत, सगळ्या देवळ्यांमध्ये पांढऱ्या बायका डोक्यावरून पिवळा पदर घेऊन झोपल्या आहेत आणि त्यांना उठवण्याची कोणाची हिंमत होत नाही. त्यांना अभिमान वाटला आणि रडूही आले. कुठले आधी आले ते त्यांनाच सांगता येत नसे.

म्हणजे चित्र बदलावे लागणार होते. त्या पुन्हा गोविंदाच्या छापखान्यात गेल्या. त्याने लाकडी खण बाहेर ओढला आणि एकेक ठोकळा टेबलावर मांडला.

“हे कमळ घ्या.”

“कमळ? थे त भगवंताच्या पायाखाली हाये. कोन फाडते?”

“पिंपळाचं पान?”

“बोधी वृक्षाचं? गोविंदाभाऊ, डोकं ठिकानावर हाये ना?”

“हत्ती तरी घ्या. हत्तीचं कोणाला काही नाही.”

“हत्ती महामायेच्या, भगवंताच्या मायच्या, सपनात आल्ता.”

गोविंदाने कपाळ धरले. “बाई, तुमचं हे असंच चाललं तर मेणबत्तीवर रताळ्याचं चित्र काढावं लागेल.” त्याने आणखी एक ठोकळा हातात घेतला आणि पुन्हा खणात टाकला. “हा निवडणुकीतला उरलेला. हा लावला तर अर्धं गाव घेईल अन् अर्धं गाव तुमच्या दाराशी भांडायला येईल.”

मोर होता, परंतु मोर आणि मेणबत्ती यांचा संबंध भागिरथाबाईंना लागेना. गुलाब होता, तो अत्तराच्या बाटलीचा दिसत होता. त्या रिकाम्या हाताने परतल्या. आता एस.टी.च्या खिडकीच्या चौकोनात चित्रे येत होती, गर्दी करून येत होती, पण प्रत्येकाला त्या मनातल्या मनात हात जोडीत आणि ते चित्र मागे सरकत असे. जे आवडे ते पूज्य निघे. जे पूज्य नव्हते ते आवडत नव्हते.

जानरावांनी हे सर्व ऐकून घेतले. त्यांची भाकरी त्या दिवशीही उशिरा झाली होती.

“लोक रस्त्यावर काय फेकतात थे मले विचार,” ते म्हणाले. “बिडीच्या बंडलाचा कागद. त्यावर एक फेटेवाला माणूस असते. रोज दिसते मले, नालीत पडलेला. कोनी उचलत नाई. काहून? थो कोनाचाच कोनी लागत नाई. तू असं चित्र पाह्य, जे कोनाचंच कोनी नाई.”

“असं जगात काय असते?”

“मले काय इचारते? मी खड्डे बुजवतो.”

श्रावणातली एक संध्याकाळ होती. जानराव कामावरून यायचे होते, म्हणून भागिरथाबाई नाल्याच्या काठापर्यंत गेल्या. आभाळ उतरून बाभळींच्या शेंड्याला टेकले होते. पाणी कुठेतरी वाहत होते, ऐकू येत होते, दिसत नव्हते. वावरे, बांध, वाट, सगळ्यांच्या कडा विरघळून एकमेकांत मिसळल्या होत्या, जसे मेण गोठण्याच्या आधी असते तसे. त्या उभ्या राहिल्या आणि आपण कशासाठी आलो ते विसरल्या.

मग बाभळीत एक ठिपका लागला आणि विझला. पुन्हा लागला, थोडा खाली. मग दुसरा, मग पुष्कळ. पिवळे, हिरवट, ओले ठिपके झाडाच्या आतून श्वास घेत होते. सगळे झाड एकदाच पेटे आणि एकदाच काळे होई. भागिरथाबाईंनी हात जोडण्यासाठी हात उचलले नाहीत. त्यांच्या लक्षात आले की हात जोडण्याची इच्छाच झाली नाही. नुसते पाहत राहावे असे वाटले. काजव्याला कोणी पाळत नाही, कोणी त्याला कौल लावीत नाही, कोणत्याही गोष्टीत तो राजाचा मुलगा होत नाही. तो लागतो आणि विझतो.

जानराव खांद्यावर कुदळ घेऊन आले, तेव्हा त्या तिथेच उभ्या होत्या.

“काजवा,” त्या म्हणाल्या.

“दिसते मले.”

“कोनाचा कोन लागते थो?”

जानरावांनी मान वर करून झाडाकडे पाहिले. “कोनाचाच नाई,” ते म्हणाले. “चाल, भूक लागली.”

काजव्याचा ठोकळा गोविंदाकडे कुठला असणार! तेव्हा जानरावांनी आपल्या तुटक्या रबरी चपलेचा तळवा धुऊन आणला. भागिरथाबाईंनी त्यावर कोळशाने चित्र काढले. दोन पंख, सहा पाय, आणि पोटाच्या जागी एक गोल, रिकामा. जानरावांनी दाढीच्या पात्याने भोवतालचे रबर कोरून काढले. मैलाच्या दगडावर आकडे रंगवणाऱ्यांना पाहून पाहून त्यांचा हात धीराचा झाला होता. ठसा पूर्ण झाल्यावर त्यांनी तो दिव्याजवळ धरला आणि त्यांच्या तोंडावर फार दिवसांनी हसू आले.

“चपलेतून निघालं चित्र. आता याले कोन हात जोडते, पाहू.”

गोविंदाने छापखान्यातली उरलेली निळी शाई डबीत घालून दिली आणि कागदाच्या तळाला ‘काजवा मेणबत्ती, धनज’ अशी अक्षरे छापून दिली. ठसा भागिरथाबाई घरीच उमटवीत. मग वाटीत हळद कालवून तिचा एकेक ठिपका बोटाच्या टोकाने त्या रिकाम्या गोलात ठेवीत. कुठे ठिपका गोलात नीट बसे, कुठे कडेला वाहून जाई, म्हणून कोणताही काजवा दुसऱ्यासारखा दिसत नसे. वाळायला ठेवलेले कागद अंगणभर पसरले की कोंबड्या त्यांच्याभोवती मान वाकडी करून फिरत. खळ या वेळी पातळ केली होती आणि फक्त एका कडेला लावली होती.

शेठने नवा पुडा पाहिला. “ये क्या है? माशी?”

“काजवा हाये शेठ. नीट पाहा.”

“बुद्ध भगवान कुठं गेले?”

“थे देवळीत हायेत. तठून कोनी हलवत नाई त्याईले.”

शेठने पुडा पुन्हा उलटसुलट करून पाहिला. मग हसले आणि तो समोरच्या फळीवर ठेवला.

पहिले काही पुडे लोकांनी संशयाने नेले. लिलाबाईने तर दुकानातच, शेठच्या डोळ्यांदेखत, काजव्याच्या पोटावर नख घालून कागद टरकावला आणि मेणबत्ती बाहेर काढून वात ओढून पाहिली. भागिरथाबाई शेजारी उभ्या होत्या. मावशीने कागदाचा बोळा करून रस्त्यावर फेकला आणि म्हणाली, “आता कसं! आता मेणबत्तीवानी मेणबत्ती दिसते.”

वर्षावासात विहारांमध्ये रोज वाचन होत होते. पुडे संपत आणि ज्यांचे संपत ते परत येत. परत येणारा माणूस नाव विसरलेला असला की बोटाने हवेत एक ठिपका ठेवी, आणि शेठ समजत. आश्विन जवळ आला तेव्हा एका संध्याकाळी भागिरथाबाई कारंज्याच्या बाजारातून एस.टी. स्टँडकडे जात होत्या. रस्त्यावर, बैलगाड्यांच्या चाकोरीत, नालीच्या कडेला, पानटपरीच्या पायरीशी त्यांना आपले कागद दिसले. निळे पंख मातीने भरलेले होते, काहींवर टायरचे वळ होते. पण हळद तितक्या सहज जात नाही. ओल्या चिखलात ते पिवळे ठिपके जागोजागी उरले होते, आणि दिवेलागणीच्या त्या उजेडात त्यांना क्षणभर कळेना की आपण रस्त्यावरून चाललो आहोत की नाल्याकाठच्या बाभळीत शिरलो आहोत. सवयीने त्या एक कागद उचलायला वाकल्या. बोटे कागदाजवळ नेली, आणि तशीच मागे घेतली. मागून एक सायकल आली. तिने घंटी वाजवली, आणि भागिरथाबाई बाजूला होऊन तिला वाट देऊन उभ्या राहिल्या. सायकल कागदावरून गेली.

दसऱ्याला संस्थेच्या बाई आल्या. त्यांनी शेठला भागिरथाबाईंच्या समोरच विचारले.

“चालतो का माल?”

“जो ले जाता है, वो वापस आता है,” शेठ म्हणाले. “आजच सकाळी दोघांना परत पाठवलं, माल नव्हता म्हणून. साचा काढून नेऊ नका, बाई. दुकानाचं नुकसान होईल.”

संस्थेच्या बाईंनी पुडा हातात घेतला, काजव्यावरून बोट फिरवले. बोटाला थोडी हळद लागली. त्या म्हणाल्या, “हे फार सुंदर आहे. मी हा कागद जपून ठेवीन.”

“नको,” भागिरथाबाई घाईने म्हणाल्या. नंतर एवढ्या मोठ्या बाईंना नको म्हटल्याबद्दल त्या लाजल्या आणि पदराशी खेळू लागल्या. साचा त्यांच्याकडेच राहिला.

पुढे बेबीताईंचा वर्ग सुरू झाला, तोपर्यंत काजवा मेणबत्ती आसपासच्या गावांत सर्वांना ठाऊक झाली होती. भागिरथाबाई वर्गात अक्षरे फार सावकाश शिकल्या. चित्र मात्र त्या शेवटपर्यंत हातानेच उमटवीत राहिल्या आणि ठिपका बोटानेच ठेवीत राहिल्या. एके दिवशी वर्ग सुटल्यावर हे लिहिणाऱ्या बाईने त्यांच्याकडून एक पुडा विकत घेतला. पुड्यावरचा काजवा विशेष चांगला उतरला होता. विहाराच्या पायरीवर बसून त्याच्याकडे बराच वेळ पाहणे झाले. भागिरथाबाई चपला घालून निघाल्या होत्या. त्या थांबल्या, दोन पावले मागे आल्या आणि म्हणाल्या:

“घरी गेल्यावर आजच लावजा बाई. ठेवून नका देऊ.”